दाजींचं निळं मीठ

परभणी जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या गावांची माती जिभेवर घेऊन पाहिलेला माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि देवानं तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पदरात टाकला. आमचे दाजी निजामाच्या अमलात परभणीला सलोत्री होते, म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर. जनावरांचा सरकारी शफाखाना होता. तिथं खुर्चीवर बसावं, कोणी बैल आणला तर त्याच्या घशात नळीनं औषध ओतावं, कचेरीच्या घोड्याच्या खुराला मलम लावावं आणि दिवेलागणीला घरी येऊन चहा मागावा, एवढंच सरकारचं त्यांच्याकडं मागणं होतं. दाजींना तेवढ्यानं करमत नसे. त्यांचं म्हणणं असं, की जनावर आजारी पडतं ते नंतर, आधी त्याच्या पायाखालची जमीन आजारी पडते. तेव्हा तपासायची ती जमीन. मग दौऱ्यावर कुठल्याही शिवारात छकडा थांबला की दाजी खाली उतरत, वाकून चिमूटभर माती उचलत, वरचा काडीकचरा फुंकून टाकत आणि ती जिभेवर ठेवून डोळे मिटत. बाकीची माणसं आयुष्यात चुका करून माती खातात, हा गृहस्थ चवीनं खाई. गाडीवान कासरा सोडून त्यांच्याकडं बघत बसे. थोड्या वेळानं दाजी थुंकत, रुमालानं ओठ पुसत, 'खारवट आहे, चुना जास्त आहे' असं काहीतरी स्वतःलाच सांगत आणि पुन्हा छकड्यात चढत.

मी त्यांचा सख्खा मेव्हणा. मोंढ्याच्या तोंडाशी माझं किराण्याचं दुकान होतं, आणि दुकान चालवायला जितकी अक्कल लागते तितकी मला असल्यामुळं दाजींच्या विद्येविषयी माझं मत पहिल्यापासून वाईट होतं. ते मी कधी लपवलंही नाही. मेव्हण्यानं दाजींची टिंगल करायची नाही तर मग कोणी करायची? पण माझ्या टिंगलीचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नसे. 'हसा मेव्हणे, हसा,' असं म्हणत ते माझ्याच दुकानातला रद्दी कागद उचलत आणि त्यात कुठल्याशा गावची माती बांधून खिशात टाकत. अशा पुड्या त्यांच्या कोटाच्या प्रत्येक खिशात असत. अक्कानं कोट धुवायला टाकला की बादलीतलं पाणी पुरातल्या गंगेसारखं, म्हणजे आमच्या गोदावरीसारखं, गढूळ होई. शेवटी तिनं वैतागून त्यांना पत्र्याचे डबे दिले, आणि मग घरात मसाल्याचे डबे कोणते आणि मातीचे कोणते हे कळेनासं झालं. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत अक्कानं काळा मसाला समजून आमटीत भलत्याच डब्यातला चमचा रिता केला. पंगतीत सगळ्यांच्या दाताखाली कचकच आली. कोणी तोंड वाकडं केलं, कोणी पाणी मागितलं, माझ्या सासऱ्यांनी तर ताटच बाजूला सारलं. दाजींनी मात्र दुसरा भुरका घेतला, मान तिरकी केली आणि शांतपणे म्हणाले, "ही पोखर्णीची. नरसिंहाच्या देवळामागची." त्यानंतर कितीतरी दिवस अक्का त्यांच्याशी नीट बोलत नव्हती, आणि दाजींना ते कळलंही नव्हतं.

मातीखालोखाल त्यांचा जीव घोंगडीवर. पांघरायच्या नव्हे, बघायच्या. आपल्याकडची मेंढरं काळी. ती कुठं चरली, काय खाल्लं, त्यांना काय कमी पडलं, ते सगळं लोकरीत उतरतं आणि लोकर घोंगडीत उतरते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळं खांद्यावर घोंगडी टाकलेला माणूस दिसला की दाजींचा पाय पुढं निघत नसे. एकदा आम्ही दोघं पिंगळीच्या ठेसनावर गाडीची वाट बघत होतो. बाकावर एक शेतकरी बसल्या बसल्या पेंगत होता. दाजी हळूच त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, त्याच्या घोंगडीचा कोपरा उजेडात धरला, एक केस ओढून काढला, ताणून पाहिला आणि दातांनी तोडला. तेवढ्यात तो जागा झाला. कोटटोपीतला एक साहेब आपली घोंगडी चावतोय हे बघून त्या भल्या माणसाला राग आला नाही, कीव आली. "साहेब, भूक लागलीय का? भाकर हाय माज्याकडं," असं म्हणून त्यानं गाठोडं सोडलं. माझी मान शरमेनं खाली. दाजींनी मात्र भाकरी घेतली, त्याच्या शेजारी मांडी घालून खाल्ली, आणि खाता खाता ती घोंगडी कुणी विणली, मेंढरं कुणाची, ती पावसाळ्यात कुठं असतात, हे सगळं काढून घेतलं. गाडी आली तेव्हा तो माणूसच दाजींची पेटी डब्यात चढवत होता.

माणसांशी वागायचीही त्यांची एक तऱ्हा होती. कोणाच्या घरी गेले तर आधी गोठ्यात जात. गोठ्यातल्यांची ख्यालीखुशाली झाली की मग ओसरीवर येऊन माणसांना रामराम. माझ्या धाकट्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा बाळाकडं बघून, 'डोळे स्वच्छ आहेत, नाक ओलं नाही, छान,' एवढं म्हणाले, आणि माझी बायको ते आजतागायत विसरलेली नाही. पण सगळ्या जनावरांत त्यांची खरी माया मेंढरांवर. सरकारदरबारी घोड्याला मान होता, बैलाला मान होता, मेंढराला कोणी पुसत नव्हतं. त्यात धनगर काही मेंढरू उचलून शफाखान्यात आणत नाही. मेलं तर मेलं, देवाची मर्जी, असं म्हणतो आणि पुढच्या मुक्कामाला लागतो. म्हणून दाजीच त्यांच्यामागं डोंगर-माळ हिंडत. रजा काढून हिंडत, पदरची भाकरी बांधून हिंडत, आणि सोबतीला मला ओढून नेत. दुकान बंद ठेवून मी का जात असे, देव जाणे. जात असे एवढं खरं.

राणीसावरगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, मरिबा नावाच्या एका धनगराचा मुक्काम असे. त्याच्याकडं कोकरं बसायला लागलीत अशी बातमी दाजींना कुठल्याशा बाजारात लागली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गंगाखेडच्या गाडीत. तिथून पुढं छकडा, आणि शेवटी पाय. बघितलं तर प्रकार वाईट होता. कोकरू जन्मताना धडधाकट दिसे, दूधही पिई. पण जरा पळायला लागलं की त्याचा मागचा भाग डुलायला लागे, मग कंबर बसे, आणि मग ते पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत आईमागं जाई. थोड्या दिवसांत मरे. मोठ्या मेंढरांना काही होत नव्हतं, फक्त त्यांची काळीभोर लोकर विटून तांबूस झाली होती आणि तिचा कुरळेपणा जाऊन ती माणसाच्या केसांसारखी सरळ पडली होती. काही सालं हे असंच चाललेलं होतं. सगळा डोंगर हिरवागार, आणि मेंढवाड्याच्या जाळीत लुळी पिल्लं सरपटत होती.

मरिबाच्या बायकोला, गिरजाबाईला, याचं कारण ठाऊक होतं. लेकाचं लग्न होऊन सोजर ज्या साली घरात आली, त्याच सालापासून कोकरं बसायला लागली. म्हणजे पोरगी पांढऱ्या पायाची. देवऋषीला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. गिरजाबाई काही दुष्ट नव्हती. मेलेलं प्रत्येक कोकरू मांडीवर घेऊन ती सख्खं लेकरू गेल्यासारखी रडे. पण तिचं ठरलं होतं: औंदाही कोकरं बसली तर सोजरला कायमची बापाकडं लावून द्यायची आणि लेकाचं दुसरं लगीन करायचं. लेक आईपुढं तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. हे सगळं गिरजाबाई आम्हाला सांगत होती, आणि सोजर पलीकडं जाळी गुंडाळत उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तिनं मान वर केली नाही.

दाजींनी तिला जवळ बोलावलं आणि तिलाच विचारलं, की बाई, तुला काय वाटतं? अशी रीत नव्हती. पोरगी जमिनीकडं बघत म्हणाली, "माज्या पायात काय हाय ते मला कसं कळावं, साहेब? मला तर पायच दिसायलेत." दाजी ताबडतोब उकिडवे बसले. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, आणि बैलाचे खूर बघावेत तसे तिचे दोन्ही पाय मागून-पुढून नीट बघितले. मग उठून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भेगा पडल्यात. तेल लाव. बाकी काही नाही." मरिबाला हसू आलं, ते त्यानं मिशीत लपवलं. गिरजाबाईला मात्र आलं नाही.

मग दाजींनी आपल्या पद्धतीनं खोदायला सुरुवात केली. लग्नाआधी मेंढरं पावसाळ्यात कुठं असत? गंगेच्या काठच्या गायरानात. आणि लग्नानंतर? आता या डोंगरावर. सोजरचा बाप एका जहागीरदाराच्या कुरणाचा राखणदार होता. व्याह्याची मेंढरं म्हणून त्यानं डोंगराचा सगळा माळ मरिबाला चरायला मोकळा करून दिला होता. दाजी दगडावर बसूनच राहिले. गिरजाबाईचा हिशेब चुकला नव्हता. सून ज्या साली आली, त्याच सालापासून विपरीत घडत होतं; फक्त सुनेबरोबर माळही आला होता, आणि त्याच्याकडं कोणी बघितलं नव्हतं. दाजींनी त्या माळाची माती चाखली, एकदा नव्हे, पाच-सहा जागांची. परतीच्या गाडीत त्यांनी मला सांगितलं, की कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी समुद्रापलीकडच्या मेंढरांविषयी वाचलं होतं. तिथंही लोकर अशीच सरळ झाली होती आणि कोकरं अशीच बसत होती, कारण तिथल्या जमिनीत तांबं नव्हतं. गवत हिरवं, पोट भरलेलं, आणि तरी अंगाला कणभर तांबं मिळत नाही. मी म्हटलं, दाजी, मग काय मेंढरांना तांब्याभांड्यांत जेवू घालायचं? ते गंभीरपणे म्हणाले, की नाही, मोरचूद लागेल, आणि ते तुमच्याच दुकानात आहे.

मोरचूद म्हणजे ते निळे खडे. पेरणीच्या दिवसांत ज्वारीवर काणीचा रोग पडू नये म्हणून शेतकरी बियाण्याला लावायला नेतात, ते तांब्याचंच. अंगाला लागतं तेवढं औषध, जरा जास्त झालं की विष, आणि मेंढरू तर त्यानं पटकन मरतं. धनगर आपल्या मेंढरांना अधूनमधून सपाट दगडावर मीठ पसरून चाटायला देतातच. त्या मिठात अगदी कणभर मोरचूद घालायचं, असा दाजींचा बेत. कणभर म्हणजे किती, यासाठी त्यांनी सराफ्यातून सोनाराचा काटा मागून आणला आणि ऐन बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात मिठाच्या पोत्याशेजारी बसून गुंजांनी मोरचूद तोलायला लागले. गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, की शेट, आता मीठबी सोन्याच्या काट्यावर इकायलाव का? त्यावर कडी म्हणजे, जे आपण चाखलं नाही ते मुक्या जनावराला द्यायचं नाही, असा दाजींचा नियम. चाखताना घाईत त्यांनी तयार मीठ घ्यायचं सोडून नुसत्या मोरचुदाचीच चिमूट घेतली. मग दुपारभर माझ्या दुकानामागच्या मोरीवर ओकाऱ्या. अक्का धावत आली, वैद्यबुवा आले, मी पाठीवर हात फिरवतोय, आणि दोन ओकाऱ्यांच्या मध्ये दाजी मला सांगताहेत, "मेव्हणे, चव तुरट आहे. मेंढरं खातील."

मरिबा औषधाला तयार झाला. पण दाजींना नुसतं औषध द्यायचं नव्हतं, त्यांना ते सिद्ध करायचं होतं. आयुष्यभर माती चाखून हाती काही लागलेलं नव्हतं, कचेरीत लोक तोंडावर हसत, आणि आता पहिल्यांदा काहीतरी खरं सापडलंय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी मला समजावलं, की सगळ्या मेंढरांना मीठ दिलं आणि कोकरं चांगली निपजली, तरी लोक म्हणणार की औंदा पाऊस चांगला होता. म्हणून निम्म्या गाभण मेंढ्यांना निळं मीठ द्यायचं, निम्म्यांना साधं, आणि दोन्ही एकाच डोंगरावर चारायच्या. एखादं-दुसरं कोकरू नव्हे, निम्मा कळप उभा राहायला हवा आणि निम्मा बसायला हवा, मग कोणाचं तोंड उघडणार नाही. मरिबाला हे विचित्र वाटलं, पण साहेबापुढं तो काय बोलणार. गेरूनं खुणा करून कळपाचे दोन भाग झाले. घरात बायका दोनच, तेव्हा एक भाग सासूच्या हाताखाली आणि एक सुनेच्या. कोणत्या भागाला निळं मीठ, यात आपला हात नको म्हणून दाजींनी मरिबाला डोळे मिटून दोन खड्यांतला एक उचलायला लावला. निळं मीठ गिरजाबाईच्या मेंढ्यांना निघालं. सोजरच्या मेंढ्यांना साधं. परीक्षा अगदी शास्त्राप्रमाणं झाल्याबद्दल दाजी खूश होते. दोन पोती भरून धाडायची ठरली, आणि आम्ही परत आलो.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही सगळी हकिकत अक्काला मोठ्या उत्साहानं सांगितली. खडा कसा उचलला, खुणा कशा केल्या, सगळं. मीही पानावर होतो. अक्कानं ऐकून घेतलं, वाढता वाढता थांबली आणि विचारलं, की म्हणजे सासूची कोकरं उड्या मारणार आणि सुनेची बसणार? दाजी म्हणाले, अगदी बरोबर, तसंच व्हायला पाहिजे. अक्का म्हणाली, "म्हणजे ती पोरगी घराबाहेर जायची ती तुमच्याच हातानं. आजवर सासू नुसती म्हणत होती. आता तुम्ही तिला दाखवून देणार." एवढं बोलून ती भात वाढायला वळली. दाजींचा घास हातातच राहिला. मी इतकी वर्षं त्यांची चेष्टा करत आलो, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी एकदाच विचारलं, की खडा पुन्हा उचलला तर? अक्का म्हणाली, मग म्हातारीची कोकरं बसतील, ती काय तुमची वैरीण आहे?

सकाळी दुकान उघडायला गेलो तर दाजी आधीच पायरीवर बसलेले. सोनाराचा काटा मांडीवर. आल्या आल्या भरलेली दोन्ही पोती आत भिंतीला लावून ठेवली होती, एक निळसर, एक पांढरं. त्यांनी माझ्याकडं मोरचूद मागितलं, खललं, तोललं, आणि पांढरं पोतं उपसून ते त्यात मिसळायला लागले. मी म्हटलं, दाजी, अहो मग तुमच्या परीक्षेचं काय? मिठात कोपरापर्यंत हात घातलेला तो माणूस वर न बघता म्हणाला, "परीक्षा राहू द्या. त्या लेकरानं कशाला बसायचं परीक्षेला?" मिसळून झाल्यावर दोन्ही पोत्यांतलं मीठ सारखंच दिसायला लागलं. त्यांनी दोन्हींची तोंडं स्वतः शिवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोरचुदाची पूड उडते, त्यानं येतं, असं ते म्हणाले. मी मान डोलावली.

त्या साली मरिबाच्या मेंढवाड्यात एकही कोकरू बसलं नाही. आम्ही दिवाळीनंतर गेलो तेव्हा काळी पिल्लं जाळीच्या आत-बाहेर नुसती उधळत होती, आणि सोजर त्यांच्यामागं पळत हसत होती. तिचा हसरा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. दाजींनी तिला विचारलं, सगळी बरी आहेत ना? तिनं मान हलवली आणि म्हणाली, हाव साहेब, समदी. गिरजाबाईनं आम्हाला कांबळं अंथरलं, दूध दिलं, आणि दाजी मिठाचं नाव काढायच्या आत पदर सावरून म्हणाली, "माज्या सुनंचा पाय लक्ष्मीचा हाय बगा. औंदा कसं भरलंय." दाजींनी मिठाबद्दल सांगून बघितलं. ती म्हणाली, मीठ तर आमी आदीपासून देतोच की. परत येताना गाडीनं गंगेचा पूल ओलांडला आणि दाजींना एकाएकी हसू फुटलं. म्हणाले, मेव्हणे, काल पाय पांढरा होता तेव्हाही पायच, आज लक्ष्मीचा झाला तेव्हाही पायच. माझं मीठ बिचारं कुठंच नाही. आणि डब्यातले लोक बघायला लागले इतके हसत सुटले.

पण ते हसणं तेवढ्यापुरतं. वरच्या मोहतमीमसाहेबांना, म्हणजे खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याला, त्यांनी अहवाल धाडला आणि त्यात सगळं खरं लिहिलं, की सगळ्याच मेंढ्यांना मीठ दिलं, वेगळं कोणी ठेवलं नाही. मी म्हणालो होतो, की दाजी, निम्म्यांना दिलं असं लिहून टाका, हैदराबादेतून कोण बघायला येतंय? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. उत्तर आलं, की त्या साली पाऊसपाणी उत्तम होतं, तेव्हा यावरून काहीही सिद्ध होत नाही. दाजी म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं." पुढं पुन्हा परीक्षा घ्यावी, तर बिनऔषधाच्या निम्म्यांत राहायला कोणता धनगर तयार होणार? आणि खरं सांगायचं तर दाजींनाही आता ते जमलं नसतं. आजूबाजूचे धनगर माझ्या दुकानात येऊन निळं मीठ मागू लागले. दाजींनी मला गुंजांचा हिशेब शिकवला, आणि मी, त्यांचा हक्काचा टिंगलखोर मेव्हणा, सोनाराच्या काट्यावर मोरचूद तोलू लागलो.

मग मुलूख बदलला, निजाम गेला, शफाखान्यावरची पाटी गेली, दाजी नोकरीतून मोकळे झाले. संध्याकाळी ते माझ्या दुकानात येऊन मिठाच्या पोत्यावर बसत. बाकी सगळं विसरायला लागले होते, एवढं एक विसरले नाहीत. मध्येच म्हणत, "मेव्हणे, मिठानंच झालं असेल का हो?" मी म्हणायचो, दाजी, पोरगी नांदतेय, तिला लेकरं झालीत, अजून काय पाहिजे? ते म्हणत, ते झालंच हो, फार चांगलं झालं. पण मिठानं का? मी तावातावानं म्हणायचो की मिठानंच. ते माझ्या खांद्यावर थोपटत. किराणा दुकानदाराच्या होकाराला काय किंमत, ते त्यांना ठाऊक होतं. अशाच एका पावसाळ्यात थोड्या तापाचं निमित्त होऊन ते गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजाराच्या दिवशी एक धनगरीण दुकानात आली. अंगानं भरलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिनं निळं मीठ मागितलं, आणि मग सलोत्रीसाहेब कसे हायती म्हणून विचारलं. तेव्हा मी ओळखलं, ही सोजर. मी सांगितलं, की दाजी गेले. ती पायरीवर खाली बसली. मग म्हणाली, की साहेबांना एक सांगायचं राहून गेलं, गिरजाबाई होती तवर धीर झाला नाही. लग्नात तिच्या बापानं तिला स्वतःची म्हणून एक मेंढी दिली होती, बापाच्या खुणेनं कान कातरलेली. गिरजाबाई त्या मेंढीला मिठाच्या दगडाकडं फिरकू देत नसे. सरकारचं औषध आमच्या मेंढरांपुरतं, तुज्या बापाच्या मेंढीला न्हाई, म्हणे. चरायला सगळ्यांबरोबर त्याच डोंगरावर, आणि मिठाच्या वेळेला तेवढी झाडाला बांधलेली.

"समदी कोकरं पळायली," सोजर म्हणाली, "आन तिचं तेवढं बसलं. म्या पाटीखाली झाकलं, तुमी आलाव तव्हा ते तितंच होतं, मग पदराखाली घालून बापाकडं पोचवलं. सासूला म्हनलं, लांडग्यानं नेलं. साहेबानं इचारलं तव्हा मी समदी बरी हायती म्हनले. त्या मान्साम्होरं खोटं बोलले बगा. काय करू, एक जरी बसलं म्हनले असते, तर पुना माजे पाय निगाले असते."

मी तिला मीठ दिलं की नाही, पुढं काय बोललो, मला आठवत नाही. भर बाजाराच्या दिवशी फळ्या लावल्या आणि अक्काच्या घरी धावत सुटलो. तोच डोंगर, तेच गवत, तोच पाऊस, राखणारा हातही तोच. एका मेंढीला मीठ मिळालं नाही, आणि तिचंच कोकरू बसलं. दाजी ज्यासाठी झुरले ते त्या साली त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर एका पाटीखाली झाकलेलं होतं. अक्का सोप्यात सुपात डाळ निवडत बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि म्हणालो, "अक्का, मिठानंच झालं होतं. दाजींचं खरं होतं."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "एकच कोकरू ना रे? एका कोकरावर ते मानले नसते. दुसरं कुठंय म्हणून तुला तसंच माघारी धाडलं असतं." आणि हसायला लागली. मलाही हसू आलं, कारण अगदी तसंच झालं असतं. बराच वेळ तिचं हसणं थांबेना म्हणून मी वळून बघितलं, तर तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला होता आणि मांडीवरच्या सुपातली डाळ खाली सांडत होती.